सर्वांत वृद्ध माणसांची यादी आणि तिच्यामागचे दप्तर

११ डिसेंबर २००६ रोजी अमेरिकेतील एलिझाबेथ बोल्डन यांचे निधन झाले आणि जगातील सर्वांत वृद्ध व्यक्ती हा मान प्वेर्तो रिकोच्या एमिलियानो मेर्कादो देल तोरो यांच्याकडे गेला. २४ जानेवारी २००७ रोजी ते गेले, तेव्हा यादीच्या शिरोभागी एमा टिलमन हे नाव आले. २८ जानेवारीला त्याही गेल्या आणि जपानच्या योने मिनागावा यांची पाळी आली. सात आठवडे पुरते भरण्याआधीच हा मान चौथ्या व्यक्तीकडे पोहोचला होता आणि टिलमन यांच्या वाट्याला त्यातले अवघे चार दिवस आले होते.

या यादीवर मी बरीच वर्षे लक्ष ठेवून आहे. छंद म्हणून पाहिले तर तो थोडा विचित्रच आहे, कारण इथे एखाद्याचे नाव वर सरकते ते दुसऱ्या कोणाचे तरी निधन झाल्यामुळे, आणि पहिल्या क्रमांकावर पोहोचलेल्या माणसाविषयी यापुढे कोणती मोठी बातमी येणार हे वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असते. तरीही या यादीचा पाठपुरावा करणारे लोक जगभर आहेत. त्यांच्यातील जाणकारांचे लेखन वाचले तर त्यात आहार, व्यायाम किंवा दीर्घायुष्याचे रहस्य यांना फारसे स्थान नसते. ते लिहितात जन्मनोंदीविषयी, जनगणनेच्या पत्रकांविषयी आणि लग्नाच्या दाखल्यावर लिहिलेल्या वयाविषयी. मलाही आता असेच वाटते की ही यादी मुळात चांगल्या रीतीने जपलेल्या कागदांची यादी आहे, आणि तिच्यातील प्रत्येक नाव वाचताना माणसाच्या चेहऱ्याआधी त्याचे दप्तर पाहायला हवे.

या क्षेत्रात उंबरठा मानला जातो तो ११० वर्षांचा. शंभरी गाठणारे लोक आता इतके आहेत की त्यांची एकेकट्याची छाननी करणे शक्य नाही. एकट्या जपानमध्ये १९६३ साली १५३ असलेली शतायुषींची संख्या सप्टेंबर २०२४ मध्ये ९५,११९ झाली होती. ११० ओलांडणारे मात्र इतके विरळ असतात की प्रत्येकाची स्वतंत्र चौकशी करता येते. वय वर्षे आणि दिवस अशा रूपात मोजले जाते, कारण या टोकाला क्रम ठरतो तो बऱ्याचदा दिवसांवरच. हे काम करणाऱ्या संस्थांमध्ये जेरोंटॉलॉजी रिसर्च ग्रुप हे जुने नाव आहे; स्टीफन कोल्स यांनी १९९० मध्ये लॉस एंजेलिस येथे हा गट सुरू केला. अलीकडे लाँजेविक्वेस्ट ही संस्थाही हेच काम करते आणि गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्स अशा अभ्यासकांच्या पडताळणीचा आधार घेते. याखेरीज लोकसंख्याशास्त्रज्ञांनी उभारलेला इंटरनॅशनल डेटाबेस ऑन लाँजेव्हिटी आहे. वर्तमानपत्रांत गाजलेल्या नावांवर अवलंबून न राहता देशोदेशींच्या सरकारी नोंदींतून पद्धतशीरपणे नावे गोळा करण्याचा त्याचा प्रयत्न असतो आणि त्यामुळे विक्रमांपेक्षा संशोधनासाठी तो अधिक मोलाचा ठरतो.

पडताळणीची रीत ऐकायला सोपी आहे. आयुष्याच्या सुरुवातीचा एक कागद हवा, म्हणजे जन्मनोंद, बाप्तिस्म्याची नोंद किंवा बालपणीची जनगणना. मधल्या काळाचा एक कागद हवा, बहुधा लग्नाचा, कारण स्त्रियांचे आडनाव तिथे बदलते आणि तो दुवा निसटला की पुढचे सगळेच लटके पडते. आणि अलीकडचे एखादे ओळखपत्र हवे. खरी मेख यापुढे आहे. हे तिन्ही कागद खरे असूनही ते एकाच माणसाचे असतील असे नाही. पूर्वी अनेक समाजांत एखादे मूल दगावले की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवले जाई. अशा वेळी थोरल्या, दगावलेल्या भावंडाची जन्मनोंद धाकट्याच्या नावावर सहज चिकटते आणि माणूस कागदावर काही वर्षांनी मोठा होतो, तेही कोणी काही लबाडी केलेली नसताना. म्हणूनच जाणकार केवळ दाखला पाहून थांबत नाहीत. भावंडांच्या जन्मतारखा, आईचे वय, पहिल्या अपत्याच्या वेळचे वय, जनगणनेत दर दहा वर्षांनी वयात पडलेली भर असे सगळे ते एकमेकांशी ताडून पाहतात. पन्नाशीनंतर मूल झाल्याचे कागद सांगू लागले की बहुधा कुठेतरी वय वाढवलेले निघते.

यामुळेच यादीचा नकाशा जगाच्या लोकसंख्येच्या नकाशाशी जुळत नाही. फ्रान्सने जन्ममृत्यूच्या नोंदी १७९२ मध्ये चर्चकडून काढून नगरपालिकांकडे दिल्या, इंग्लंडमध्ये नागरी नोंदणी १८३७ मध्ये सुरू झाली, जपानमध्ये कोसेकी ही कुटुंबनोंदवही १८७२ पासून देशभर लागू झाली. या देशांतील वृद्धांची नावे यादीत वारंवार दिसतात, यात नवल नाही. अमेरिकेतील सर्व राज्ये राष्ट्रीय जन्मनोंदणीच्या कक्षेत यायला मात्र १९३३ उजाडले. तिथे पडताळणी मुख्यतः जनगणनेवर चालते आणि १९०० सालची जनगणना विशेष उपयोगी पडते, कारण तीत जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारले होते. तिच्या आधीच्या, १८९० च्या, जनगणनेची पत्रके १९२१ च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत बहुतांशी नष्ट झाली. त्या एका आगीने किती लोकांचे बालपण पुराव्याविना ठेवले, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

कागद नसतील तिथे वय कसे फुगते, याचा इतिहास फार रंजक आहे. इंग्लंडमधील थॉमस पार हा १६३५ मध्ये मरण पावला तेव्हा त्याचे वय १५२ असल्याचे सांगितले गेले. रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वी यांनी त्याचे शवविच्छेदन केले आणि त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरण्यात आले. इतक्या मोठ्या माणसांनी दखल घेतल्यावर वयाबद्दल कोण शंका घेणार? दोन शतकांहून अधिक काळानंतर, १८७३ मध्ये, विल्यम थॉम्स यांनी अशा दाव्यांची नेटाने चिरफाड केली आणि शंभरीपलीकडच्या वयासाठी कागदी पुरावा मागितला पाहिजे असा आग्रह धरला. इंग्रजीत लोकसाहित्यासाठी रूढ झालेला ‘फोकलोर’ हा शब्द घडवणारे गृहस्थ हेच. लोककथांवर प्रेम करणाऱ्या माणसानेच वयाच्या लोककथा मोडीत काढाव्यात, हे मला फार आवडते.

विसाव्या शतकातही हा प्रकार थांबला नाही. सोव्हिएत संघात कॉकेशस भागातील लोक दीडशेहून अधिक वर्षे जगतात असा प्रचार होता. अझरबैजानच्या शिराली मुस्लिमोव यांचे वय १९७३ मध्ये निधनसमयी १६८ सांगितले गेले. झोरेस मेदवेदेव या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या दाव्यांची कारणे मांडली, त्यांपैकी एक असे की लष्करातील भरती टाळण्यासाठी काही पुरुषांनी वडिलांचे कागद स्वतःचे म्हणून वापरले होते. इक्वेडोरमधील विल्काबाम्बा या खोऱ्याचीही अशीच कीर्ती झाली. तिथे गेलेल्या एका नामांकित वैद्यकीय संशोधकाला काही वर्षांनी दुसऱ्या भेटीत असे आढळले की एका वृद्धाचे वय मधे गेलेल्या वर्षांपेक्षा अधिक वाढले आहे. नंतर रिचर्ड माझेस आणि सिल्व्हिया फॉर्मन यांनी नोंदी तपासल्या तेव्हा त्या खोऱ्यात शंभरी गाठलेला एकही माणूस सापडला नाही, आणि जे स्वतःला शंभरीपार म्हणवत होते त्यांचे सरासरी वय ८६ निघाले. गंमत अशी की ८६ हे वयही काही कमी नव्हे. पण त्याची बातमी होत नाही.

पैसा मधे आला की वय कोणत्या दिशेने सरकते, हे आयर्लंडमध्ये स्पष्ट दिसले. १ जानेवारी १९०९ पासून ब्रिटिश सरकारने सत्तरी ओलांडलेल्यांना निवृत्तिवेतन देण्यास सुरुवात केली. आयर्लंडमध्ये जन्माची सार्वत्रिक नागरी नोंदणी १८६४ पासूनची, म्हणजे सत्तरीच्या कोणाकडेही जन्मदाखला असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आलेले भयंकर वादळ आठवते का, हा प्रश्न वयाचा पुरावा म्हणून विचारला जाऊ लागला, आणि ते वादळ आठवणाऱ्यांची संख्या पाहता पाहता वाढली. अधिकाऱ्यांना अखेर १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेची पत्रके धुंडाळण्याची वेळ आली.

उत्तम कागद असलेला देशही या धोक्यातून सुटत नाही, याचे उदाहरण जपाननेच दिले. जुलै २०१० मध्ये टोकियोतील अदाची भागात, १११ वर्षांच्या समजल्या जाणाऱ्या एका वृद्धाचे अभिनंदन करण्याच्या हेतूने त्याच्या घराची चौकशी झाली, तेव्हा तो सुमारे तीस वर्षांपूर्वीच मरण पावल्याचे उघड झाले. दरम्यान कुटुंबाला निवृत्तिवेतनाचे पैसे मिळत होते. त्यानंतर कोसेकीची तपासणी झाली आणि शंभरी ओलांडलेल्या, ठावठिकाणा नसलेल्या अशा २,३४,३५४ व्यक्तींची नावे त्यात जिवंत म्हणून राहून गेल्याचे सरकारने जाहीर केले. हा आकडा आजही जपानी दीर्घायुष्यावरील हुकमी आक्षेप म्हणून पुढे केला जातो, पण तो वापरताना थोडी सावधगिरी हवी. शतायुषींची सरकारी गणती कोसेकीवरून होत नाही, ती रहिवाशांच्या वेगळ्या नोंदवहीवरून होते. कोसेकीतील ती नावे बव्हंशी युद्धात मेलेल्यांची, परदेशी गेलेल्यांची, ज्यांच्या मृत्यूची वर्दी कोणी दिलीच नाही अशांची होती. दोन दप्तरांतला हा फरक बातमीत हरवतो.

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट शिगेचियो इझुमी यांची. १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय १२० वर्षे २३७ दिवस मानले गेले होते आणि गिनीजमध्ये सर्वाधिक जगलेला माणूस म्हणून त्यांचे नाव होते. पुढे संशोधकांना शंका आली की १८६५ ची जन्मनोंद त्यांच्या दगावलेल्या थोरल्या भावाची असावी आणि त्यांचे खरे वय १०५ च्या आसपास असावे. आज त्यांचे नाव मान्य यादीत नाही. पुरुषांमध्ये आता विक्रम आहे तो जपानच्याच जिरोएमोन किमुरा यांचा. १८९७ मध्ये जन्मलेले किमुरा जून २०१३ मध्ये ११६ वर्षे ५४ दिवसांचे होऊन गेले, आणि ११६ पर्यंत पोहोचलेला पडताळणी झालेला दुसरा पुरुष अजून नाही. या वयोगटात दहापैकी साधारण नऊ जण स्त्रियाच असतात.

यादी मागाहून बदलते ती केवळ नावे गळून नव्हे. नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक्ये व्हान आंदेल-शिपर ऑगस्ट २००५ मध्ये गेल्या तेव्हा त्या जगातील सर्वांत वृद्ध व्यक्ती होत्या. डिसेंबरमध्ये इक्वेडोरच्या मारिया कापोविया यांचे कागद मान्य झाले. त्यांचा जन्म १८८९ चा, म्हणजे व्हान आंदेल यांच्याहून नऊ-दहा महिने आधीचा. ज्या बाईंना जगाने सर्वांत वृद्ध म्हणून निरोप दिला होता, त्या त्या दिवशी सर्वांत वृद्ध नव्हत्याच. म्हणून ‘जगातील सर्वांत वृद्ध व्यक्ती’ या शीर्षकाची बातमी वाचताना मी मनातल्या मनात तिच्यापुढे ‘आजवर सिद्ध झालेली’ एवढी पुस्ती जोडतो.

आता झान काल्मां. २१ फेब्रुवारी १८७५ ला फ्रान्समधील आर्ल या गावी जन्म, ४ ऑगस्ट १९९७ ला त्याच गावी मृत्यू, वय १२२ वर्षे १६४ दिवस. ११९ ओलांडणाऱ्या पडताळणी झालेल्या व्यक्ती जगात आजवर तीनच, आणि १२० ओलांडणारी ही एकटी. त्यांच्याविषयीची एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: १९६५ मध्ये, त्या नव्वदीत असताना, आंद्रे-फ्रांस्वा राफ्रे या सत्तेचाळीस वर्षांच्या वकिलाने त्यांच्याशी करार केला की आपण त्यांना हयातभर दरमहा २,५०० फ्रँक द्यावेत आणि त्यांच्या पश्चात त्यांचे घर आपले व्हावे. फ्रान्समध्ये अशा व्यवहाराची जुनी प्रथा आहे. राफ्रे १९९५ मध्ये सत्त्याहत्तराव्या वर्षी वारले, तोवर घराच्या किमतीपेक्षा किती तरी अधिक पैसे देऊन झाले होते, आणि उरलेले हप्ते त्यांच्या पत्नीला भरावे लागले.

पण मला या प्रकरणात अधिक रस आहे तो २०१८ मध्ये उठलेल्या वादात. निकोलाय झाक आणि व्हालेरी नोव्होसेलोव या रशियन अभ्यासकांनी असा आरोप केला की खऱ्या झान १९३४ मध्येच वारल्या आणि वारसाकर चुकवण्यासाठी मुलगी इव्होन हिने आईची ओळख धारण केली. म्हणजे १९९७ मध्ये जी बाई गेली ती ९९ वर्षांची होती. नोंदींप्रमाणे इव्होन १९३४ मध्ये छत्तिसाव्या वर्षी वारली होती. आरोप ऐकताच चपखल वाटतो, कारण त्यामुळे एक अशक्यप्राय विक्रम एका झटक्यात सोपा होतो. मात्र जरा थांबून विचार केला की त्यातील अडचणी दिसू लागतात. इव्होनच्या नवऱ्याने स्वतःच्या पत्नीला सासू म्हणायला हवे, सात वर्षांच्या मुलाने आईला आजी म्हणायला शिकायला हवे, आणि काल्मां कुटुंबाचे कापडाचे मोठे दुकान ज्या गावात होते त्या गावाने हे सगळे मुकाट पाहायला हवे. १९९० च्या दशकात काल्मां यांची पडताळणी करणारे मिशेल आलार आणि झां-मारी रोबिन यांनी सहकाऱ्यांसह २०१९ मध्ये सविस्तर उत्तर दिले आणि अदलाबदलीला कोणताही कागद दुजोरा देत नाही, हे दाखवले. मला त्यांचे म्हणणे पटते. तरीही आरोपाने एक उपकार केला असे मी म्हणेन: त्या निमित्ताने आर्लचे दप्तर पुन्हा एकदा पानापानाने चाळले गेले. डीएनएच्या आधारे हा वाद कायमचा मिटवण्याचीही एक वाट आहे. झान आणि त्यांचे पती फेर्नां हे एकमेकांचे दुहेरी नातलग होते. दोघांचे आजोबा सख्खे भाऊ आणि दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी. अशा दांपत्याच्या मुलीच्या जनुकांत दोन्ही बाजूंनी सारखे आलेले भाग आईच्या मानाने अधिक आढळायला हवेत, त्यामुळे रक्ताचा जपलेला नमुना कोणाचा हे सांगता येऊ शकते.

झाक यांच्या शंकेमागे एक संख्याशास्त्रीय अस्वस्थता होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. प्रौढ वयात मृत्यूची शक्यता दर सात-आठ वर्षांनी साधारण दुप्पट होत जाते, पण १०५ ते ११० च्या पुढे ही वाढ मंदावते किंवा थांबते असे काही अभ्यास सांगतात. इटलीतील १०५ वर्षांवरील ३,८३६ व्यक्तींच्या नोंदींवरून २०१८ मध्ये असाच निष्कर्ष मांडला गेला. त्या पठारावर दर वर्षी मृत्यूची शक्यता सुमारे निम्मी असते, म्हणजे प्रत्येक वाढदिवसाला नाणे उडवायचे आणि छापा पडला तरच पुढचा वाढदिवस. या हिशेबाने ११० गाठलेल्या बत्तीस जणांपैकी एक ११५ ला पोहोचतो आणि १२२ गाठायला चार हजारांहून अधिक जणांतून एक निघावा लागतो. म्हणजे काल्मां यांचे वय दुर्मीळ आहे, अशक्य नाही. उलट बाजूने यान व्हाइग आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये असे मांडले होते की मानवी आयुष्याला ११५ च्या आसपास एक नैसर्गिक भिंत आहे आणि काल्मां हा अपवाद आहे. इतक्या थोड्या माणसांच्या आधारावर भिंत आणि पठार यांत निवड करणे अवघड आहे, आणि ज्यांनी ती ठामपणे केली त्यांच्या ठामपणावर माझा फारसा विश्वास नाही.

इथे पुन्हा कागदच आडवे येतात. समजा, दहा लाख वृद्धांमध्ये खरोखर ११० गाठणारे दोघे-तिघे आहेत आणि त्याच दहा लाखांत वय चुकीचे नोंदलेले शंभर जण आहेत. दहा हजारांत एक चूक म्हणजे दप्तर उत्तमच म्हणायचे. तरीही ११० च्या रकान्यात चुकीची माणसे खऱ्या माणसांहून अधिक होऊ शकतात, कारण खरी माणसे मरत जातात आणि चूक मरत नाही. सॉल न्यूमन या संशोधकाने नेमके यावर बोट ठेवले आणि त्यासाठी त्यांना २०२४ चे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिले जाणारे पारितोषिक, मिळाले. अमेरिकेतील राज्यांमध्ये जन्मनोंदणी सुरू झाल्यानंतर ११० पार केल्याच्या नोंदी ६९ ते ८२ टक्क्यांनी घटतात, असे त्यांनी दाखवले होते. दीर्घायुष्याच्या अभ्यासकांना त्यांची भाषा बोचली, आणि एकेका व्यक्तीची कागदपत्रे तपासून केलेल्या यादीला कच्च्या सरकारी आकड्यांच्या तागडीत तोलू नये हे त्यांचे म्हणणे रास्त आहे. पण इझुमी यांचेही कागद एके काळी तपासलेलेच होते, हे विसरून चालत नाही.

मुलाखतींत विचारल्या जाणाऱ्या रहस्याबद्दल थोडक्यात. इटलीच्या एमा मोरानो अनेक दशके रोज तीन अंडी खात, त्यांतली दोन कच्ची. काने तानाका यांना चॉकलेट आणि गोड सोडा आवडे. ल्युसिल रांदों, म्हणजे सिस्टर आंद्रे, रोज थोडी वाइन घेत. यातून काही शिकायचे झाले तर एवढेच की पत्रकारांना दुसरा प्रश्न सुचत नाही. २०२४ मध्ये वारलेले इंग्लंडचे जॉन टिनिसवूड यांनी ‘निव्वळ नशीब’ असे उत्तर दिले होते आणि मला ते सर्वांत शास्त्रीय वाटते. खरी माहिती मिळते ती वेगळ्या मार्गाने. व्हान आंदेल-शिपर यांनी बयाऐंशीव्या वर्षी देहदानाचा निर्णय घेतला होता. त्यांच्या रक्ताच्या अभ्यासात दिसले की अखेरीस त्यांच्या पांढऱ्या पेशींपैकी बहुतेक पेशी अवघ्या दोन मूळपेशींपासून येत होत्या. ११७ वर्षांच्या मारिया ब्रान्यास यांनीही आपला अभ्यास व्हावा अशी इच्छा व्यक्त केली होती, आणि त्यांच्यात वार्धक्याच्या काही ठळक खुणा, उदाहरणार्थ फार आखूड झालेले टेलोमिअर (गुणसूत्रांच्या टोकांवरची संरक्षक आवरणे), उत्तम आरोग्यासोबत नांदत असल्याचे आढळले.

यादी राखणाऱ्यांची रोजची डोकेदुखी मात्र निराळीच असते: माणूस हयात आहे की नाही हे कळायचे कसे? सगळ्यांचेच वाढदिवस बातमीत येत नाहीत. वर्ष-दोन वर्षे काहीच कळले नाही की ती व्यक्ती यादीत त्रिशंकू होते. तिला जिवंत धरता येत नाही आणि मृत्यूची नोंदही हाती नसते. जपानमध्ये कित्येक कुटुंबे नाव प्रसिद्ध करू देत नाहीत, आणि मग यादीत केवळ वय आणि प्रांत एवढाच उल्लेख राहतो. काही हौशी मंडळी अशा वेळी नाव हुडकून काढण्याच्या मागे लागतात, ते मला खटकते. ज्या माणसाने एकशे बारा वर्षे प्रसिद्धीशिवाय काढली, त्याला एकशे तेराव्या वर्षी ती देण्याचा हक्क आपल्याला कोणी दिला?

३० एप्रिल २०२५ रोजी ब्राझीलच्या इना कानाबारो लुकास या जोगीण बाई ११६ व्या वर्षी गेल्या आणि जगातील सर्वांत वृद्ध व्यक्तीचा मान इंग्लंडच्या एथेल कॅटरहॅम यांच्याकडे आला. त्यांचा जन्म २१ ऑगस्ट १९०९ चा, सातव्या एडवर्डच्या कारकिर्दीतला; अठराव्या वर्षी त्या एका लष्करी कुटुंबातील मुले सांभाळण्यासाठी भारतात आल्या होत्या. टिनिसवूड यांच्यानंतर सर्वांत वृद्ध पुरुष ठरले तेही ब्राझीलचेच, १९१२ मध्ये जन्मलेले जुआंव मारिन्यो नेतो. दोन्ही मानांवर एकाच सुमारास ब्राझीलची नावे यावीत हे मला महत्त्वाचे वाटते. तिथले लोक अचानक अधिक जगू लागले असे नव्हे. तिथली जुनी दप्तरे आता शोधली आणि वाचली जात आहेत. ज्या देशांत जन्मनोंदणी उशिरा रुजली, त्यांना तर या यादीत निर्विवादपणे यायला नोंदणीपासून किमान एकशे दहा वर्षे थांबणे भाग आहे.

२००० साली स्टीव्हन ऑस्टॅड आणि जे ऑलशान्स्की या दोन शास्त्रज्ञांनी एक पैज लावली: तेव्हा हयात असलेल्यांपैकी कोणी २१५० पर्यंत दीडशे वर्षांचा होईल असे ऑस्टॅड म्हणतात, होणार नाही असे ऑलशान्स्की. दोघांनी १५० डॉलर गुंतवले, २०१६ मध्ये तेवढेच आणखी घातले, आणि ही रक्कम जिंकणाऱ्याच्या वारसांना मिळायची आहे. मी ऑलशान्स्की यांच्या बाजूने आहे. काल्मां यांच्या नंतर इतक्या वर्षांत, जगभर शतायुषींची संख्या कित्येक पटींनी वाढूनही, त्यांच्या सर्वांत जवळ पोहोचलेल्या तानाका ११९ वर्षे १०७ दिवसांवर थांबल्या, आणि त्या विक्रमापासून दीडशेपर्यंत अजून जवळपास अठ्ठावीस वर्षे उरतात.